श्वासाचें माप

वऱ्हाडांत कापसाचा हंगाम सरला म्हणजे पऱ्हाटीचे भारे घरोघर येऊन पडतात. बुलढाणा जिल्ह्यांतील खेड्यांत अद्यापि कित्येक चुली या पऱ्हाटीवर व तुराट्यांवर पेटतात. चुलीपुढें बसलेली गृहिणी खोकते, डोळे पुसते आणि पुन्हा फुंकर घालते. तिच्या या खोकल्याचा हिशेब कोणीं ठेवावा? गांवानें, सरकारनें, कीं साऱ्या जगानें?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं असें ठरविलें कीं, घरांतील असो वा बाहेरील, हवेंतील अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरास ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी. आपल्या देशांत २००९ सालीं बाहेरील हवेसाठीं ठरलेली मर्यादा मात्र ४० आहे. कोणी म्हणतील, परक्यांच्या मापानें आपणांस कां मोजावें? हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाहीं. कारण ज्या अभ्यासांवर हें माप उभें आहे त्यांतील पुष्कळ युरोप-अमेरिकेंत झालेले आहेत. परंतु यावर उपाय मापच फेंकून देणें हा नसून, मोजण्याच्या कामांत आपणहि सामील होणें हा आहे.

असें एक उदाहरण घडलेंहि आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू व रुआंडा या चार देशांत सुमारें ३,२०० गर्भवती स्त्रियांच्या घरीं एकच प्रयोग झाला. आपल्याकडे तो तामिळनाडूंत चालला. कांहीं घरांस गॅसची शेगडी व इंधन दिलें, कांहींत चूल तशीच राहिली. गॅसच्या घरांतील धूर पुष्कळ उतरला. तरी अर्भकांच्या जन्मवजनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. संशोधकांनीं २०२२ सालीं ही अप्रिय गोष्ट उघडपणें प्रसिद्ध केली. यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाहीं. फुप्फुसांस व हृदयास होणारी त्याची हानि अन्य पुराव्यांनीं सिद्धच आहे. एक शेगडी दिली कीं आपलें कर्तव्य संपलें, हें समाधान मात्र आपणांस उरत नाहीं.

आमच्या मतें येथें दोन प्रश्नांची गल्लत होते. अपाय किती, हा एक. तो टाळण्याची शक्ति किती, हा दुसरा. दुसऱ्याचें उत्तर देशोदेशीं भिन्न असणार. म्हणूनच त्या संघटनेनेंहि मलिन हवेच्या प्रदेशांसाठीं ३५ पासून खालीं उतरणाऱ्या पायऱ्या आंखून दिल्या आहेत. पहिल्याचें उत्तर मात्र दारिद्र्यानें बदलत नाहीं. ऐपत नाहीं असें सांगणें प्रामाणिकपणाचें आहे. ऐपत नाहीं म्हणून अपायच नाहीं असें सांगणें, ही त्या चुलीपुढील माउलीची वंचना होय.