पहिली पायरी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यास नोकरी करणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण गावी आला, तो एक नवा खेळ घेऊन. चर्चच्या ओट्यावर संध्याकाळी पाच-सहा मुले त्याच्याभोवती जमू लागली. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. प्रत्येकाने एक पात्र कल्पावयाचे, एकाने सूत्रधार व्हावयाचे. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतो आणि यशापयशाचा कौल फासा देतो. अशी बोलता बोलता एक कथा उभी राहते, तिला मोहीम म्हणतात.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यातील जादूगार आणि राक्षस पाहून १९८०च्या दशकात तेथील काही ख्रिस्ती मंडळींनी मोठे काहूर उठविले होते. आमच्याकडेही एका मातेने काळजीने विचारणा केली, म्हणून आम्ही स्वतः दोन संध्याकाळी तेथे बसलो. कथेतील जादू म्हणजे काही जादूटोण्याची उपासना नव्हे, अशी आमची खात्री झाली. आम्हांस अस्वस्थ केले ते मुलांमधील एका निराळ्याच वादाने.

सूत्रधाराचा आग्रह होता की सर्वांनी अगदी पहिल्या पायरीवरून आरंभ करावा. या पायरीवरचे पात्र नवखे आणि दुबळे असते. जुन्या नियमांप्रमाणे पहिल्या पायरीच्या जादूगारास दिवसाकाठी एकच मंत्र येतो; तो वापरला की हाती काही नाही. एकेक संकट पार करीत, अनुभव गोळा करीत पात्राने वर चढावयाचे. हे ऐकून तेरा वर्षांचा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे आईवडील ऊसतोडीस जातात. तो म्हणाला, "मला पहिल्यापासूनच बलवान पाहिजे. कमजोर तर आम्ही रोजच असतो, फादर. खेळातपण कशाला?"

उत्तर आमच्या जिभेवर तयार होते. गिदोनाचे बत्तीस हजारांचे सैन्य परमेश्वराने तीनशेवर आणले. दाविदाने शौलाचे चिलखत उतरवून ठेवले आणि गोफण घेतली. प्रभू येशूने आपले प्रेषित मासे धरणाऱ्यांमधून निवडले. ही प्रवचने आम्ही अनेकदा केली आहेत. परंतु त्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहून ते शब्द ओठांवरच थांबले. पोट भरलेल्याने उपवासाचे माहात्म्य उपाशी माणसास सांगावे, तसे ते झाले असते.

वाचकहो, दुबळेपणा हा सद्गुण आहे काय? आम्हांस वाटते, नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना संत पौल ख्रिस्ताच्या रिक्त होण्याविषयी सांगतो, ते रिक्त होणे ख्रिस्ताने स्वेच्छेने पत्करलेले आहे. दुसऱ्यावर लादलेल्या रितेपणाला तेच नाव देणे हा वधस्तंभाचा अपमान होय. आणि नासरेथचे ते बालकही लहानच राहिले नाही. ते वाढत गेले, असे लूक आवर्जून नोंदवितो.

मग खेळातील पहिल्या पायरीत आणि त्या मुलाच्या घरच्या दुबळेपणात भेद कोणता? खेळातील पायरीला दुसरी पायरी जोडलेली असते. फासा सर्वांना सारखाच असतो, झालेला अनुभव ज्याच्या त्याच्या नावे जमा होतो आणि सोबती बरोबर चालतात. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात, त्यांचा हिशेब निराळा आहे. नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. तेथे कष्ट जमा होत नाहीत, कर्ज मात्र जमा होते. पहिली पायरी हीच तेथे शेवटचीही ठरते.

संत इग्नेशियस लोयोला यांची कथा येथे आठवते. तरुणपणी त्यांना वीरकथांचे वेड होते. १५२१ साली पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय जायबंदी झाला आणि त्यांचे जीवन पालटले. पुढे १५२४ साली, तिशी उलटून गेल्यावर, ते बार्सिलोना येथे लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिनचे व्याकरण शिकू लागले. त्यांच्या नम्रतेविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु त्यांना विनामूल्य शिकविणारे गुरुजी आर्देवोल आणि त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय पाहणाऱ्या इसाबेल रोसेर यांची नावे कितीजणांना ठाऊक असतात? त्या दोघांनी दुसरी पायरी बांधली, म्हणून इग्नेशियस यांची पहिली पायरी सार्थकी लागली.

तो मुलगा अखेरीस एका मंत्राचा जादूगार होण्यास तयार झाला; पण एक अट घालून. कोणाचे पात्र मागे पडले तर बाकीच्यांनी थांबावयाचे, त्याला सोडून पुढे जावयाचे नाही. मुलांनी ती मान्य केली आणि सुटी संपेपर्यंत पाळली. पहिल्याच लढाईत त्याचा मंत्र वाया गेला, तेव्हा दोघे सोबती त्याच्यापुढे ढाल धरून उभे राहिले. तो मोठ्याने हसला. तसे हसताना आम्ही त्याला पूर्वी पाहिले नव्हते.

त्याने घातलेली अट हे आमच्या न दिलेल्या प्रवचनाहून मोठे प्रवचन होते. दसरा येईल, गावातून ट्रॅक्टर निघतील. त्या दिवसांत शेजारचे एखादे मूल शाळा सोडून फडावर जाऊ नये म्हणून आपल्या घरात एक ताट अधिक वाढता येईल काय, संध्याकाळी कंदिलाशी वा दिव्याशी त्याला आपल्या मुलांबरोबर अभ्यासास बसविता येईल काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस आणि मग आपणांस विचारीत आहोत. लहानपणाची थोरवी सांगण्याचा अधिकार त्यालाच, जो लहानासाठी थांबतो.