चांगली वस्ती

घर घ्यावयाचे ही व्यवहाराची गोष्ट. तीत नीतीचा प्रश्न कोठून आला, असे पुष्कळांना वाटेल. स्टेशन किती मिनिटांवर आहे, पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात रस्ता तुंबतो काय, शाळा कोणती, दवाखाना कोठे, हप्ता किती बसेल, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की माणूस बयाणा देतो. परंतु या सर्वांनंतर आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. 'लोक कसे आहेत?' पाण्याची चौकशी कोणी हळू आवाजात करीत नाही. ज्या प्रश्नाला आवाज खाली आणावा लागतो, त्यात नीतीचा काही भाग असतोच, असे मला वाटते.

या प्रश्नाला दलाल ठरलेले उत्तर देतो : 'सगळे आपलेच लोक आहेत.' हे ऐकून विचारणारा निश्चिंत होतो. 'आपले' म्हणजे कोण, हे दोघांपैकी कोणीही बोलून दाखवीत नाही. ते जातीने आपले असतील, भाषेने असतील, ताटातल्या पदार्थांनी असतील, अथवा नुसते मिळकतीने असतील. विचारणाऱ्याला बहुधा एवढेच हवे असते की, मूल खाली खेळावयास गेले तर ते ज्या मुलांत खेळेल ती त्याच्यासारखीच असावीत. ही इच्छा वाईट आहे काय? आणि वाईट नसेल, तर आवाज खाली का येतो?

मुंबईची उपनगरे कशी वसली हे पाहिले, तर ही इच्छा आजची नव्हे हे ध्यानात येते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि दाट वस्तीत माणसे कशी मरतात हे सरकारला दिसले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते व प्लॉट आखले गेले. उजेड आणि वारा सर्वांना सारखा मिळावा, हा त्यामागचा हेतू. परंतु त्या प्लॉटांवर ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांची नावेच पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. पुढे १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, १९२८ साली ती पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत धावू लागली, आणि दूर राहून शहरात नोकरी करणे मध्यमवर्गाला शक्य झाले. शहराची गर्दी सोडून माणूस बाहेर पडला. पण बाहेर पडताना त्याने आपले आळीतले शेजारी गाठीला बांधून नेले. चाळीत तरी सरमिसळ होती असे म्हणण्याची सोय नाही, कारण तेथेही बहुधा एका चाळीत एका गावची, एका जातीची माणसे राहत.

या गोष्टीची एक चांगली बाजू आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. पार्ल्याचे उदाहरण घ्या. १९२१ साली तेथे पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. ज्यांना एकमेकांची भाषा कळत होती, एकमेकांच्या शब्दावर विसंबता येत होते, अशा माणसांनी वर्गणी काढून, वेळ देऊन या संस्था उभारल्या. शंभर वर्षे उलटली तरी त्या चालू आहेत. ओळखीतून विश्वास येतो, विश्वासातून संस्था उभी राहते आणि संस्थेचा लाभ पुढे कितीतरी अनोळखी मुलांनाही होतो. तेव्हा 'आपल्यांत' राहण्याची इच्छा म्हणजे निव्वळ संकुचितपणा, असे एका वाक्यात उडवून लावता येत नाही.

कायद्यानेही ती उडवून लावलेली नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निर्णय दिला की, सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते. संघटना करण्याचे स्वातंत्र्य त्यात मानले गेले. लहान समाजाला आपली ओळख टिकवावीशी वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु जे न्यायालयात चालते ते सदसद्विवेकापुढेही चालेलच असे नाही. एखादी गोष्ट करण्याचा मला हक्क आहे एवढे कायदा सांगतो. मी ती करावी की नाही, हे मलाच ठरवावे लागते.

येथे थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक साधा खेळ आठवतो. १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात त्याने तो मांडला. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मिसळून ठेवावयाची. प्रत्येक नाण्याची मागणी अगदी माफक : शेजाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तरी माझ्यासारखे असावेत. बाकीचे वेगळे असले तरी त्याची तक्रार नाही. ज्याची मागणी पुरी होत नाही त्याने उठून दुसऱ्या चौकटीत जावे. असे थोडा वेळ केले की पटावरची सरमिसळ नाहीशी होते आणि एका प्रकारची नाणी एकीकडे, दुसऱ्या प्रकारची दुसरीकडे, असे गट पडतात. कोणत्याही नाण्याला दुसऱ्याचा द्वेष नव्हता. तरीही पट मात्र द्वेषाने विभागल्यासारखा दिसतो.

मला हा खेळ फार अस्वस्थ करतो. फाटलेल्या गावाकडे पाहून आपण म्हणतो की, हे कोणा दुष्टांचे काम असेल. शेलिंग दाखवतो की त्याला दुष्ट लागत नाहीत. आपल्यासारखी भली, कुटुंबवत्सल, माफक इच्छेची माणसे पुरतात. आणि म्हणूनच 'माझ्या एकट्याच्या निवडीने काय होणार?' हा बचाव टिकत नाही. पट एकेका नाण्याच्या हलण्यानेच विभागला जातो.

मात्र दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, आणि ते हलके नाही. वस्तीचा मुलावर खरोखरच परिणाम होतो काय? अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबे घेऊन एक प्रयोग झाला. सोडत काढून त्यांतील काहींना, कमी गरिबीच्या वस्तीत घर घेतले तर भाड्याला मदत मिळेल, अशी सवलत देण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांनी अशी जागा बदलली त्यांची तेरा वर्षांच्या आत वयाची मुले पंचविशीत आली तेव्हा त्यांची कमाई, तशी सवलत न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होती. तेराच्या पुढे वय असताना हललेल्यांना असा लाभ झाला नाही. म्हणजे चांगल्या वस्तीत घालवलेले बालपणाचे प्रत्येक वर्ष मोलाचे असते. जो बाप मुलासाठी चांगली वस्ती शोधतो तो मिजास करीत नाही, कर्तव्य करतो. 'समाजासाठी तू येथेच राहा' असे त्याला सांगण्याचा अधिकार निदान मजसारख्याला तरी नाही. स्वतःच्या मुलाचे वर्ष कोणालाही समाजाला दान करता येत नाही.

मी शाळेत शिकवतो. भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढावयास सांगतो. एका वर्षी नव्या संकुलातल्या एका मुलाने एक फाटक, एक बस, एक सरळ रेघ आणि शाळा एवढेच काढले. मधल्या दोन किलोमीटरांत त्याच्या लेखी काही नव्हतेच. त्याच वर्गात जवळच्या चाळवस्तीतला एक मुलगा होता. त्याच्या नकाशाला कागद पुरला नाही. पिठाची गिरणी, सायकलचे पंक्चर काढणारे काका, मावशीचे घर, लंगडा कुत्रा, पावसाळ्यात तो ज्यात पडला होता ते गटार. त्या गर्दीत एके ठिकाणी त्याने काळा चौकोन काढून खाली लिहिले होते : 'येथून पळत जायचे.' तो दारूचा गुत्ता होता.

पहिला नकाशा दरिद्री आणि दुसरा समृद्ध, असे लिहून मोकळे होण्याचा मोह मजसारख्या कादंबरी लिहिणाऱ्याला होतो. पण त्या काळ्या चौकोनावरून ज्याला रोज पळावे लागते त्याला ती समृद्धी विचारून पाहावी. त्या मुलाची आई काही दिवसांनी मला भेटली. ती त्या संकुलातच चार घरी पोळ्या करीत असे. म्हणाली, "सर, बदलापूरच्या पुढं एक खोली मिळतेय. कर्ज काढावं लागेल, यांना गाडीत दोन तास जास्त जातील. पण पोराला तिथून बाहेर काढायचंय. जाऊ का?" मी 'जा' असे सांगितले. आजही कोणी विचारले तर तेच सांगेन. ती गेली. गुत्ता तेथेच राहिला आणि त्याच्यावरून पळणारी बाकीची मुलेही तेथेच राहिली.

जी आई गेली तिचे बरोबर होते. परंतु जे जाऊ शकतात ते सर्व गेले, तर मागे उरतात ते ज्यांना गुत्त्याविरुद्ध अर्ज लिहिता येत नाही ते. वस्ती चांगली होते ती मुळात कोणीतरी तेथे पाय रोवून अर्ज लिहिल्याने, वर्गणी काढल्याने, भांडल्याने. आपण जिला तयार चांगली वस्ती म्हणतो ती दुसऱ्या कोणाची तरी वीस वर्षांची मेहनत असते.

आणि दूर गेलेल्यांनाही सर्व फुकट मिळते असे नाही. २००५ च्या आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीने बदलापूरच्या बाजूला काय केले ते आपण पाहिले. २०१९ साली तर महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी होती. डोंबिवलीच्या औद्योगिक भागात २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा भोवतालच्या घरांच्या काचा फुटल्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या गाड्यांतून माणसे खाली पडली आणि काही घरी परतलीच नाहीत. मुलाला मोकळी हवा मिळावी म्हणून दूर गेलेला बाप मुलाला झोपलेले पाहून निघतो आणि झोपलेले पाहतच परत येतो. वस्ती निवडताना आपण मुलासाठी शाळा निवडतो, मैदान निवडतो. बापाचा सहवास किती उरेल, याचा हिशेब मात्र क्वचित कोणी मांडतो.

मग निवड करावी तरी कशी? संतत्वाची अपेक्षा मी करीत नाही. मुलाला धोका आहे तेथून उठावे. यात शंका नाही. पण धोका आणि वेगळेपणा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्या खाली आलेल्या आवाजात आपण त्यांची गल्लत करतो. गुत्ता हा धोका आहे. शेजारच्या घरातून येणारा मासळीचा वास, पलीकडची अजान, खालच्या मजल्यावरची भोजपुरी, अथवा ज्याचे वडील रिक्षा चालवतात असा मुलाचा मित्र, हा धोका नव्हे. जो बाप आपल्या मुलाला या सर्वांपासून वाचवतो, तो त्याला अशा देशासाठी तयार करतो जो कोठेही अस्तित्वात नाही.

मुले हे फार लवकर शिकतात, आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकत नाहीत. ज्या इमारतीत कामवाल्या बाईंसाठी वेगळी लिफ्ट असते, तेथल्या मुलाला समतेचा धडा मी कितीही रंगवून शिकवला तरी लिफ्टचा धडा त्याच्या आधी पाठ झालेला असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. सरकारी अथवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल महाराष्ट्रात २०२४ च्या फेब्रुवारीत झाला. जुलैत उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या अवधीत काही सुशिक्षित पालकांना सुटकेचा निःश्वास टाकताना मी ऐकले. 'तसा आमचा काही विरोध नाही,' असे ते म्हणत. शेलिंगच्या नाण्यांचाही काही विरोध नव्हता.

माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत. कोणी विचारले तर तेच पुढे करतो. या वस्तीत दहा वर्षांचे मूल एकटे चालत दुकानात जाऊन येऊ शकेल काय? त्याला रोज एखादे तरी असे माणूस भेटेल काय, ज्याची मिळकत, बोली किंवा देव त्याच्या घरच्यापेक्षा निराळा आहे आणि तरीही ज्याला ते काका अथवा मावशी म्हणते? आणि तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : येथे माझ्या हातून करण्यासारखे काही शिल्लक आहे काय? एखादे वाचनालय, एखादे मैदान, म्युनिसिपालिटीच्या शाळेची एखादी गळकी खोली? जेथे सर्व काही तयार आहे तेथे आपण गिऱ्हाईक होतो. जेथे काही उरले आहे तेथे शेजारी होण्याची संधी असते.

हे तिन्ही प्रश्न दलालाला मोठ्या आवाजात विचारता येतात. त्याला त्यांची उत्तरे बहुधा येणार नाहीत. ती संध्याकाळी त्या वस्तीतून तासभर पायी हिंडून मिळवावी लागतात. पण जेथे आपली मुले वीस वर्षे वाढणार आहेत, तेथे एक तास चालणे काही फार नव्हे.