ओझे कोणाचे?

माहूर १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. पित्याचे कलेवर आणि माता रेणुका यांना कावडीत घालून परशुराम तेथे आले, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. गतवर्षी वडील, मी व दोन मित्र पाठीवर शिधा-अंथरूण घेऊन तेथील शिखरे पायी चढलो. रेणुकेचे दर्शन आटोपून दत्तशिखराची वाट धरली, तेव्हा वडिलांना धाप लागली. मी त्यांचे गाठोडे जवळजवळ हिसकावूनच घेतले. मित्रांनी पितृभक्त म्हणून प्रशंसा केली. ती मला गोड लागली, हेही सांगितले पाहिजे. वडील मात्र बोलेनासे झाले, मागे राहू लागले.

ज्याला ओझे स्वतः वाहावयाचे आहे, त्याच्यापासून ते काढून घेणे ही सेवा की अहंकार? कावडीतील जमदग्नी निष्प्राण होते. नकार देणे त्यांस शक्य नव्हते. माझे वडील तर चालत होते. परंतु त्यांना काही झाले असते, तर ‘त्यांचीच इच्छा’ हे उत्तर मला पुरले असते काय?

अनसूयाशिखराच्या पायथ्याशी मी गाठोडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते सोडले, अंथरूण व तांब्या माझ्याकडे दिला, आणि अनसूयेच्या ओटीची पिशवी तेवढी स्वतःच्या खांद्यास लावली.