पट्टा पडल्यावर भरणारी शाळा

धारूर,
अक्षय्य तृतीया

चि. पोरी,


शेतीशाळेचं काम तुझ्याकडे आलं, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. कृषी पदविका घेतलेली आपल्या घरातली तू पहिलीच. ऊर भरून आला बघ.

आपल्या डोंगरपट्ट्यातला शेतकरी निम्म्या वर्षाचा शेतकरी आहे, हे विसरू नकोस. दिवाळीच्या आसपास संसार ट्रॉलीत भरून कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात, ते साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलला परततात. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू. त्यात सोयाबीन नाहीतर कापूस, मधूनमधून तूर. एका वर्षी गावात बोंडअळीवर प्रशिक्षण झालं, ते जानेवारीत. आम्ही तेव्हा उसाच्या फडात होतो, गावात म्हातारी माणसं आणि पोरं. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून तुझी शाळा आत्ता सुरू कर, मृगाच्या आधी. पहिला धडा उगवण चाचणीचा घे. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे सरसकट घ्यायचे, निवडून नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याभरानं उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलो बी पुरतं. कमी निघाले तर त्या मानानं बी वाढवायचं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ; पोतं उंचावरून आपटलं तरी आतला कोंब दुखावतो.

ही चाचणी मला कोणी सांगितली नव्हती. एका साली तसंच पेरलं, निम्मं रान मोकळं राहिलं. दुबार पेरणीला ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली आणि ती फेडायला तुझ्या आजीला पोटुशी असताना, पाचव्या महिन्यात फडावर नेलं. शंभर दाणे मोजले असते तर ती वेळ आली नसती.

तुझ्याकडे आलेल्या शेतीशाळेची पद्धत मुळात इंडोनेशियात १९८९ च्या सुमारास भातशेतीत सुरू झाली. शेतकऱ्यांनी दर आठवड्याला रानात उतरून किडी आणि मित्रकिडी स्वतः मोजायच्या, मग फवारायचं की नाही ते ठरवायचं. तूही फळा कमी आणि बांध जास्त वापर. अडलं तर डिघोळअंब्याला आणि गेवराईच्या खामगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेतच. पण एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चं भाडं भरून किती जण तिथं जातील? तिथल्या तज्ज्ञांनाच बांधावर बोलाव.

आणि बायांना बोलावल्याशिवाय शाळा भरवू नकोस. सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून निरोपही त्यालाच जातो. बी मात्र निवडते, वाळवते, जपून ठेवते ती बाई. भाकरी-कालवण उरकल्यावर, रात्री आठला, मारुतीच्या पारावर दिवा लावून बस. त्या येतील. पहिल्या दिवशी बोलणार नाहीत. त्यांच्या हातात गोणपाट दे.

माझ्या कोठीतल्या पोत्यातले शंभर दाणे आज सकाळीच ओल्या गोणपाटात मांडलेत. पुढच्या आठवड्यात मोजायला ये.

तुझा,
आजोबा