सोनेरी पानांचा प्रश्न

फ्लॉवरिंग मेपल या नावाने ओळखले जाणारे झुडूप वस्तुतः मेपलच्या कुळातले नव्हे. पानांचा आकार मेपलसारखा, एवढ्यावरून ते नाव पडले. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन. कूळ जास्वंदीचे, भेंडीचे, कापसाचे. आपल्याकडे रानात उगवणारी पेटारी, म्हणजेच आयुर्वेदातील अतिबला, ही त्याच गोतातली. बागेत लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती मात्र मूळच्या दक्षिण अमेरिकेतील. घंटेसारखी खाली झुकलेली केशरी, पिवळी, तांबडी फुले हे त्यांचे वैभव. सकाळचे कोवळे ऊन, दुपारची सावली, निचऱ्याची माती आणि वेळच्या वेळी शेंड्यांची खुडणी एवढे लाभले, की नव्या फुटव्यांवर हे झुडूप भरभरून फुलते.

त्यातील एका प्रकाराच्या हिरव्या पानांवर सोनेरी ठिपक्यांची नक्षी असते. १८६८ साली व्हीच या प्रसिद्ध रोपवाटिकेने ते झाड वेस्ट इंडीजमधून लंडनला आणले आणि त्या नक्षीवर बागप्रेमी लुब्ध झाले. पुढे ध्यानात आले, की नक्षीदार फांदीचे कलम हिरव्या झाडावर बांधल्यास त्याच्याही नव्या पानांवर ठिपके उमटतात. एर्विन बाऊर या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी याचा अभ्यास करून ही नक्षी संसर्गजन्य असल्याचे दाखवले. ते सोने म्हणजे विषाणूने केलेली हरितद्रव्याची हानी होती.

याच जातकुळीचा एक विषाणू आपल्या शेतकऱ्याच्या चांगला ओळखीचा आहे. भेंडीची पाने पिवळी पडतात, त्याला तो ‘केवडा’ म्हणतो. नाव सुगंधी असले, तरी असे झाड दिसताच तो उपटून टाकतो, कारण पांढरी माशी तो रोग साऱ्या वाफ्यात नेते. एकाच कुळातील दोन झाडे, दोघांना सारखीच व्याधी. एक शेताबाहेर जाते, दुसरे कुंडीत विराजमान होते. अब्युटिलॉनवरील विषाणूची कथा तर अधिकच विलक्षण आहे. वर्षानुवर्षे फांद्या लावूनच ही झाडे वाढवली गेल्याने त्यांतील विषाणू माशीवाटे पसरण्याची शक्ती गमावून बसल्याचे आढळले आहे. आता त्याला जगवतो तो माळ्याचा हात.

यात माळ्याचे काही चुकते काय? मला तसे वाटत नाही. झाड मरत नाही, ते फुलतेही. फक्त त्याची वाढ मंदावते. झाडाला मन असल्याचे आपण मानत नाही, म्हणून त्याच्या व्याधीत सौंदर्य पाहणे क्षम्य ठरावे. प्रश्न उभा राहतो तो हीच दृष्टी माणसांकडे वळते तेव्हा.

आपल्या कुटुंबांतून ‘सोशीक’ हा शब्द मोठ्या आदराने उच्चारला जातो. धाकट्या भावंडांसाठी स्वतःचा संसार न मांडलेली थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे एकटीने शुश्रूषा करणारी सून, ब्रही न काढता कष्टणारी विधवा यांची स्तुती प्रत्येक समारंभात होते. त्यांचे धैर्य खरेच असते आणि त्याला मान देणे योग्यच. पण समारंभ आटोपला, की किती जण त्या सुनेला म्हणतात, ‘आजची रात्र आम्ही जागतो, तू नीज’? सहनशीलतेचे तेज इतरांना सुखावते आणि ते सुखावणेच ओझे उचलण्याच्या आड येते. पुढे पुढे तर त्या स्त्रीने कधी ‘मला होत नाही’ म्हटले, तर आपलाच हिरमोड होतो. त्या क्षणी ओळखावे, की आपण तिला कुंडीत लावले आहे.

दुःखातून उजळलेल्या माणसाचा आदर आणि त्या उजेडासाठी दुःख चालू ठेवणे, यांतील सीमारेषा पुसट आहे. तिची कसोटी मात्र सोपी आहे. ज्याचे आपण कौतुक करतो, त्याचे दुःख उद्या सरले आणि तो चारचौघांसारखा साधा हिरवा झाला, तर आपल्याला आनंद होईल काय? होत असेल, तर त्या आनंदाची वाट न पाहता आजच त्याच्या ओझ्याला हात लावावा.