तांबोशी कुणाच्या खात्यावर?

इचलकरंजीत रबरी होडी म्हटली की लोकांना 2019 चा महापूर आठवतो. माझी होडी हौसेची. गुंडाळली की गाडीच्या डिकीत मावते. करूळचा घाट उतरून वाघोटण खाडीकाठी गेलं की पायपंपानं फुगवायची, वल्हं जोडायचं आणि कालवांनी भरलेल्या खडकांपासून लांब राहायचं. कालवाची धार सुरीसारखी असते.

भरतीची वेळ मोबाइल सांगतो. पण किनाऱ्यावरचे जुने लोक अजून तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ कमी. पुनव-अवसेच्या उधाणात सुकती लागली की असली हलकी होडी समुद्राच्या दिशेनं चालू लागते, आणि त्यात वारा मागचा असेल तर वल्हं नुसतं शोभेला. म्हणून कारखान्याच्या सुट्टीला अष्टमी जुळली की मी गरवायला जातो.

आमच्या गल्लीत दिगंबर जैनांची बरीच घरं. अष्टमी आणि चतुर्दशी त्यांच्याही पंचांगात मोठ्या. त्या दिवशी शेजारच्या अण्णांकडे हिरवी भाजी शिजत नाही. ते मेथी टाळतात त्याच पहाटे मी गळाला कोळंबी लावत असतो. तिथी एकच.

अण्णा रागावत नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "भूक लागती म्हणून मासा धरतोस, का मासा धरायचाय म्हणून भूक लागती?"

याला उत्तर देणं अवघड आहे. जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार मानतं: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, पोटाच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला या तीन पूर्णपणे टळत नाहीत. ठरवून केलेली संकल्पी मात्र त्यानं टाळायचीच. घाट उतरून, होडी फुगवून, भरतीचा हिशोब करून धरलेली तांबोशी कुठल्या खात्यावर पडते हे सांगायला पंडित नको.

पळवाटा मी शोधल्या. पहिली, बरोबरीच्या सामन्याची. हवेच्या होडीत तांबोशी लागली की ती आधी होडीच फिरवते, आपल्याला खारफुटीच्या मुळांकडे ओढून नेते, आणि क्षणभर कोण कुणाला धरतंय कळत नाही. पण हा सामना तिनं कबूल केलेला नसतो. दुसरी पळवाट, धरून सोडून देण्याची. ती मला जास्तच खोटी वाटते. कोळी मासा विकतो, मी खातो, सोडणारा मात्र त्याच्या जबड्यातून गळ आरपार घालून वर दयाळू म्हणवून घेतो. ज्याला गरजच नाही त्यानं जिवाशी खेळू नये, एवढं अण्णांचं म्हणणं त्याला सगळ्यात आधी लागू होतं.

तिसरी पळवाट महाभारतातली. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकत बसलेला असतो आणि कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगराखालीही जीव मरतात, पूर्ण अहिंसक कुणीच नाही, असं तो सांगतो. पण तो स्वतः जनावर मारत नाही, मांस खात नाही, आणि तो त्याचा पिढीजात धंदा आहे. माझा धंदा यंत्रमागाचा. त्याच्या आडोशाला मला जागा नाही.

तेव्हा तांबोशीपुरता मी दोषी, हे अण्णांपुढे मान्य केलं. मग त्यांना तेरवाडच्या बंधाऱ्याचं विचारलं. उन्हाळ्यात पंचगंगेची धार आटते, गावोगावचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रंगाचं पाणी साठून राहतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पांढरी पोटं वर करून बंधाऱ्याला थव्यानं लागतात. हा प्रकार एकदाच घडलेला नाही. माझ्या मागावरचं कापडही रंगायला कुठंतरी जातंच. हे मासे कुठल्या खात्यावर?

"उद्योगी," अण्णा म्हणाले. मारायचा हेतू कुणाचाच नाही.

मला हे पटत नाही. पहिल्यांदा झालं ते नकळत झालं असेल. पण पुढल्या उन्हाळ्यात तेच होणार हे माहीत असून आपण तेच करत राहिलो, तर त्या जाणिवेला संकल्पापासून वेगळं कसं काढायचं? गळ टाकणाऱ्याला मासा दिसतो, नळी सोडणाऱ्याला दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि न दिसणं हा गुण कसा ठरावा?

अण्णांचं वाचन माझ्यापेक्षा पक्कं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादावर उभी आहे, म्हणाले. बेफिकिरीनं जीव घेणं म्हणजे हिंसा. तुझं म्हणणं तिथं नीट बसतं, संकल्पात ओढू नकोस. मी म्हटलं, बेफिकिरी एका उन्हाळ्याची समजू शकतो. दरवर्षीची असली की तिला धोरण म्हणतात.

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "तुझं कापड कुठल्या प्रोसेसला जातं रं?"

दलालाला विचारून सांगतो, म्हणालो.