साठ रोपांचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. विकसकाच्या नकाशात, फाटकाजवळ रेन ट्री आहे तिथे तळघरातल्या पार्किंगचा उतार दाखवला आहे. झाड साधारण इमारतीच्याच वयाचे, म्हणजे साठीच्या घरातले. तो नकाशा पाहिल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. झाडे वाचली पाहिजेत असे मी आजवर म्हणत आलो, ते कोणाच्या खर्चाने?

कायदा झाडाच्या बाजूने आहे. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. असे झाड तोडायची वेळ आलीच, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची आणि सात वर्षे जगवायची.

माझे मन नेमके इथे पळवाट शोधते. एकाच्या बदल्यात साठ झाडे, शिवाय घराला एक वाढीव खोली! हिशेब फायद्याचा वाटू लागतो. पण ती साठ रोपे बहुधा शहराच्या टोकाला, मिळेल त्या जागेत लागतील. त्यांना पाणी घालायला मी जाणार नाही, ती जगली का हे विचारणारही नाही. आमच्या झाडाच्या ढोलीत पोपट आहेत, त्याच्या सावलीत भाजीवाल्या मावशी दुपारी गाडी लावतात. त्यांच्या वाट्याला त्या साठांतले एकही येणार नाही. तोडणे टळतच नसेल तेव्हाची ही भरपाई. मी मात्र तिला परवानगी समजू लागलो होतो.

२०२०मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड येत होता. तो चारशे वर्षांचा असल्याचे सांगितले जाई. लोक उठले, आवाज दिल्लीपर्यंत गेला आणि आखणी बदलली. मला मनापासून आनंद झाला. त्या वडासाठी माझे काहीच जाणार नव्हते. महामार्ग वळू शकतो, तर पार्किंगचा उतार का वळू नये? तो वळवला तर दोन गाड्यांची जागा जाईल, कदाचित त्यातली एक माझी असेल. माझ्या झाडप्रेमाची खरी किंमत एवढीच आहे आणि ती द्यायची माझी तयारी असली पाहिजे.

कुऱ्हाड येण्याआधीचेही पाहायला हवे. आमच्या रेन ट्रीच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक टेकले आहेत. मुळांनी ते उचलले की आपण मुळांनाच दोष देतो. खोडात पाट्यांचे खिळे आहेत, एकावर साल चढली आहे. ते काढायला आणि बुंध्याभोवतीची माती मोकळी करायला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

सभेत मी झाड जागेवर ठेवणारा नकाशा मागणार आहे आणि त्यासाठी कमी जागा स्वीकारतो, हे लेखी देणार आहे. तुमच्या रस्त्यावरच्या एखाद्या खोडावर वृक्ष प्राधिकरणाची नोटीस दिसली, तर थांबून वाचा. हरकतीसाठी सात दिवस असतात. हरकत लेखी द्या, आणि ते झाड तुमच्याच नकाशाच्या आड येत असेल तर आधी स्वतःला द्या.